निंभोरखेड्याच्या विहिरीतलं डिझेल

सगळ्यात आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला खिंडीत गाठायला नको. विहिरीत डिझेल आहे हे मला माहीत होतं. मला एकटीलाच नाही, निंभोरखेड्याच्या दीडशे उंबऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना माहीत होतं. आणि माहीत असून मी त्याच विहिरीच्या पाण्यात अंगणवाडीच्या मुलांची खिचडी शिजवली.

मी द्रौपदाबाई. सोनगीरच्या पलीकडे, महामार्गापासून दोन किलोमीटर आत आमचं गाव. तेवीस वर्षं झाली, मी इथली अंगणवाडी सेविका आहे. गावातली सगळी तरणी पोरं माझ्यासमोर बसून बडबडगीतं म्हणत मोठी झालेली. अजून मी रस्त्यानं निघाले की चांगले मिशीवाले बाप्ये विडी पाठीमागे लपवतात. मिरवायला सांगत नाही. माझ्या शब्दावर गाव विश्वास ठेवतं, एवढंच सांगायचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

विहीर आमच्या बौद्धवाड्यालगत आहे. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासऱ्यांच्या पिढीनं ती खणली, कारण तेव्हा गावच्या विहिरीवर आमचा पोहरा चालत नव्हता. पुढे गावची विहीर आटली आणि आमची टिकली. मग सगळ्यांना आमचं पाणी गोड लागायला लागलं. आता तिच्यावर मोटार आहे, टाकी आहे, टाकीवरून गावभर नळ. योजनेचं पाणी आठ दिवसांनी येतं, तेही आलं तर. बाकी प्यायला, शिजवायला, गुरांना, सगळं याच विहिरीचं.

गावाच्या वरच्या अंगानं शेतातून सागरवाहिनी कंपनीची पाइपलाइन गेली आहे. जमिनीखाली पाइप आणि वर मैलोगणती पिवळे खांब. तिकडे गुजरातच्या किनाऱ्यावर जहाजातून तेल उतरतं, तिथेच त्याचं डिझेल होतं आणि आमच्या कपाशीखालून उत्तरेला जातं. आम्ही कुणी समुद्र पाहिलेला नाही, पण समुद्रावरून आलेलं तेल आमच्या पायाखालून रात्रंदिवस वाहतं. दोन वर्षांपूर्वी याच कंपनीचं तेल समुद्रात सांडलं होतं, तेव्हा टीव्हीवर काळे झालेले पक्षी दाखवले होते. कंपनीनं वर्तमानपत्रात पानभर माफी मागितली होती. आम्हाला हळहळ वाटली होती. आमच्या दारात तसं काही होईल असं कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

चोवीस मार्चला, मंगळवारी सकाळी, माझा नवरा मोतीलाल विहिरीवरून जवळजवळ धावतच आला.

"ऐक वं, आपली विहीरमा डिझेल उनं!"

"कोनी वतं?" मी विचारलं.

"कोनी नही. आपसूक उनं. कंपनीना पाइप कोठे तरी ठिबकस व्हई. मी दोन डबा भरी लिधात. कोनले सांगू नको."

कुणाला सांगू नको म्हणणारा माणूस दुपारपर्यंत चार जणांना सांगून मोकळा झाला होता. संध्याकाळी विहिरीच्या काठावर डबे घेऊन गर्दी. बादली अलगद टेकवायची, वरचा थर तिरका घ्यायचा, डब्यात ओतायचा. कुणी ट्रॅक्टरला घातलं, कुणी फवारणीच्या इंजिनाला. डिझेलचा भाव काय झालाय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि इथे तर ते रोज सकाळी पुन्हा तरंगायचं. कंपनीला कळवलं की कंपनी बंद करणार, म्हणून सगळं गाव मूग गिळून बसलं. चोरी करतोय असं कुणाला वाटलं नाही. आमच्या विहिरीत आलं ते आमचं, असा साधा हिशोब होता.

आणि पाण्याचं काय? त्याचंही उत्तर मोतीलालकडे होतं. "मोटारना फुटवाल तयले शे. तेल वर, पानी खाले. नळले काईच व्हत नही." मोटारीचं तोंड तळाशी, ती तळाचंच पाणी ओढते आणि तेल तर वर तरंगतं. सगळ्या गावानं हे एकमेकांना इतक्यांदा सांगितलं की ते खरंच वाटायला लागलं. एप्रिल लागला की आमच्या विहिरीचं पाणी रोज वीतभर खाली जातं, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाणी खाली गेलं की वरचं तेलही त्याच्याबरोबर खाली उतरणार आणि एक दिवस मोटारीच्या तोंडाशी जाऊन टेकणार, हे मात्र आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

ही गोष्ट एकाच माणसापासून लपवली होती. नईमपासून. नईम गावचाच, सोनगीरच्या फाट्यावर त्याचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं गॅरेज आहे. हाताला आणि जिभेला, दोन्हीला सरळ माणूस. त्याला कळलं तर तो एका दिवसात बोभाटा करील, म्हणून त्याला सांगायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. त्या पंधरवड्यात गावातल्या चौदा ट्रॅक्टरांचे फिल्टर त्याच्याकडे साफ करायला गेले. सगळ्यांच्या डिझेलमध्ये पाणी. एकदा दारावरून जाताना तो मला म्हणाला, "अक्का, हाऊ पंपवाला बठ्ठास्ले फसाडी ऱ्हायना. डिझेलमा अर्धं पानी!" बिचारा पेट्रोल पंपावर जाऊन मालकाशी भांडूनही आला. गावात लोक तोंडाला रुमाल लावून हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

मग आठ एप्रिल आला. बुधवार.

माझी मदतनीस बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून स्वयंपाक माझ्याकडेच होता. नळ सोडला आणि पाण्याला वास आला. फार नाही, पण आला. मी पातेलं ओतून दिलं, पुन्हा भरलं. पुन्हा वास. हापसा वर्षभरापासून मोडलेला. बावीस मुलं ताटल्या घेऊन बसलेली. कुणाच्या तरी घरी जाऊन साठवणीचं पाणी मागून आणता आलं असतं, पंधरा मिनिटं लागली असती. मी ते केलं नाही. मी पाणी जास्त वेळ उकळलं आणि खिचडीला लसणाची फोडणी जरा जास्त दिली.

नईमची तहरीम चार वर्षांची. तिला लसूण आवडतो. तिनं दोनदा मागून घेतली, वर नळाचं पेलाभर पाणी प्यायली. दुपारी सहा मुलांना उलट्या झाल्या. पाच संध्याकाळपर्यंत बरी झाली. तहरीमच्या उलटीतलं छातीत गेलं. तिला धुळ्याला नेलं, ती नऊ दिवस दवाखान्यात होती, त्यातले तीन दिवस नाकाला नळी होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, पोटातून आणि श्वासातून तेलासारखा पदार्थ गेल्यानं फुप्फुसाला सूज. नईमला ते कळेना. पोरीला तेल कुठून मिळालं? गॅरेजच्या कपड्यांतून? तो स्वतःलाच दोष देत बसला होता, आणि आम्ही त्याला तसं बसू दिलं.

रविवारी, बारा तारखेला, डिझेल नाल्यातून महामार्गाच्या मोरीपर्यंत वाहत गेलं. तिथे कुणा ट्रकवाल्यानं फोन केला आणि तासाभरात कंपनीच्या गाड्या आल्या. खोदकाम झालं, पाइपला पट्टा ठोकला, मोटार सील झाली. मग मात्र गावाच्या अंगाचा तिळपापड झाला. सोमवारी सोनगीर फाट्यावर रास्ता रोको. दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा, घोषणा, कंपनीच्या फलकाला चपलांचा हार. जीवराम आबा, गावातले सगळ्यात मोठे शेतकरी, माइकवरून गरजत होते, "आमनी विहीर आमले परत द्या!" आबांच्या वाड्यात तेव्हा विहिरीतल्या डिझेलचे दोन ड्रम होते. मीही घोषणा देत होते. माझा आवाज तर सगळ्यांत मोठा होता.

कंपनीनं भूषण नावाचे अधिकारी पाठवले. इस्त्रीचा शर्ट, तिशीचं वय, बोलायला साखर. दुसऱ्याच दिवशी समाजमंदिरात बैठक झाली. आधी पुस्तकी मराठीत सुरुवात केली, आणि लोक तापलेत असं दिसल्यावर गाडी लगेच आमच्या बोलीवर आणली. "मी बी खान्देशनाच शे, अक्का. मना गाव धरणगावकडे." खान्देशी बोलून काम काढून घ्यायचं शिक्षण कुठल्या कॉलेजात देतात कोण जाणे.

त्यांचं म्हणणं असं. गळती रविवारी झाली. कुणीतरी चोरीसाठी पाइपला भोक पाडलं असावं, तो पोलिसांचा विषय. कंपनीनं रविवारीच गळती थांबवली. तरी माणुसकी म्हणून गावाला रोज टँकर, पाणी शुद्ध करायचं यंत्र आणि विहिरीची सफाई. बदल्यात ग्रामसभेनं एका कागदावर सह्या करायच्या की गळती बारा एप्रिलला झाली आणि कंपनीनं तत्परतेनं उपाय केला. तेवीस तारखेला नायब तहसीलदार मॅडम पंचनाम्याला येणार, त्या दिवशी कागद द्यायचा.

मागून नईम उठला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली.

"मनी आंडेर, तहरीम, बुधवारले बिमार पडनी," तो म्हणाला. "तुमनं तेल रविवारले उनं. मंग बुधवारले तिनी छातीमा काय गयं?"

भूषणसाहेबांनी मान हलवली. "भाऊ, मला फार वाईट वाटतं. पण तारखाच सांगतात ना, त्याचा आमच्याशी संबंध नाही. मुलगी गॅरेजमध्ये खेळते का?"

नईमचा चेहरा पाहवत नव्हता. तो आमच्याकडे वळला. "कोनी तरी पाह्यं व्हई. रविवारना पह्यले कोनी पाह्यं का? वास तरी?"

समाजमंदिरात सव्वाशे माणसं होती. पंखा फिरत होता. मोतीलालनं चप्पल शोधायला सुरुवात केली. जीवराम आबांनी खिशातला चष्मा काढून पुसला. मी माझ्या पदराची शिवण बघत बसले. काल फाट्यावर ज्यांचे घसे बसले होते, त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून आवाज फुटला नाही. नईम निघून गेला.

लोकांना पोलिसांची भीती होतीच. पाइपातलं डिझेल चोरल्याचा गुन्हा म्हणजे तुरुंग, हे भूषणसाहेबांनी दोनदा सहज सांगितलं होतं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. बुधवारच्या आधी डिझेल होतं असं म्हणायचं, म्हणजे नईमच्या तोंडावर म्हणायचं की तुझी पोर ते पीत होती तेव्हा आम्हाला माहीत होतं. तुरुंग एकवेळ परवडला असता.

तहरीम घरी आली तेव्हा मी भेटायला गेले. माझं कामच आहे ते, आजारी मूल घरी आलं की वजन घ्यायचं. दोन किलो कमी भरली. श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजत होती. मला बघून हसली आणि झोपल्या झोपल्याच 'एक होती इडली' म्हणायला लागली. दुसऱ्या ओळीला दम लागला. तिची आई नाजमीन चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अक्का, तिनी हजेरी बुडनी ना. नाव तं कमी नही व्हनार?"

'माझ्या पोरीच्या जिवावर उठलीस' असं तिनं मला म्हणायचं, तर ती हजेरीची माफी मागत होती. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

तिथेच सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. तोंडही उघडलं. पण एक गोष्ट मनात आली. इथे सांगितलं तर नाजमीन रडेल, मी रडेन, ती मला माफ करील आणि गोष्ट या चार भिंतींत संपेल. माझं मन हलकं होईल. कंपनीचा बारा एप्रिल मात्र कागदावर तसाच राहील. मला हलकं व्हायचा हक्क नव्हता. मी चहा प्यायले आणि उठले.

घरी येऊन मोतीलालला म्हटलं, "डबा काढा."

"कोन्ता डबा?"

"जो लपाडी ठेवेल शे तो. बठ्ठा काढा."

मोतीलाल तासभर वाद घालत होता. त्याला वाटत होतं, आपण नाव घेतलं की पहिली बेडी आपल्याला, बौद्धवाड्याला. गावाचं नाव मागून. हे तो खोटं बोलत नव्हता, आमचा अनुभव तसाच आहे. मी म्हटलं, म्हणूनच सगळं गाव बरोबर न्यायचं. शेवटी त्यानंच माळ्यावरून तीन डबे उतरवले. एक अर्धा वापरलेला होता.

मग मी घरोघर निघाले. दर वर्षी सर्वेक्षणाला जाते तशीच, काखेत रजिस्टर, पायात स्लीपर, भर दुपारी, घरात माणूस सापडतं त्या वेळेला. कुणाच्या घरात किती माणसं, कोण गरोदर, कुणाचं मूल वजनात कमी, हे मला तोंडपाठ. कोण किती डबे घेऊन विहिरीवर आलं होतं तेही मी पाहिलेलं. त्यामुळे "आमच्याकडे नाही" असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. पण नुसतं दटावून कुणी पुढे येत नाही. मी एकच सांगत होते: डबा घेऊन यायचा, कोणत्या तारखेला भरला ते सांगायचं. पहिला डबा आमचा असेल. आम्ही आणला नाही तर तुम्ही गप्प राहा.

पहिल्या दिवशी सहा घरं तयार झाली, नऊ घरांनी दार लावून घेतलं. दोघांनी तर मी जाताच डबे उकिरड्यात ओतून टाकले. दुसऱ्या दिवशी बायकांना गाठलं. नवऱ्यांशी बोलण्यापेक्षा ते सोपं गेलं, कारण त्या पाच मुलांच्या आया त्यांच्यातच होत्या. त्यांच्या मुलांनीही तीच खिचडी खाल्ली होती. आपलं पोर नशिबानं वाचलं, हे त्यांना रोज रात्री आठवत होतं.

शेवटी जीवराम आबांचा वाडा.

"अक्का, तू म्हणस ते खरं शे," आबा म्हणाले. "पन मी पंचायतना मानूस. दोन ड्रम मना वाडामा निंघनात तं लोके काय म्हणतीन?"

"आबा, लोके म्हणतीन, आमी दोन डबा भरात, आबानी दोन ड्रम. बस. दोन दिन हासतीन."

"आनि पोलीस?"

"फाट्यावर तुमी माइकवर व्हतात. आते ह्या पंचनामामा तुमी गप बसनात, तं पुढे तुमना माइक कोनी ऐकाव नही."

आबा रागावले. मला जा म्हणाले. मी निघाले, तर मागून म्हणाले, "ड्रम उचलाले चार मानसे लागतीन." मी म्हटलं, "पाठवते."

तेवीस तारखेला शाळेच्या पटांगणात मंडप होता. मॅडम, त्यांचा कारकून, प्रदूषण मंडळाचे एक गृहस्थ बाटल्यांची पेटी घेऊन आलेले, आणि भूषणसाहेब. नईम एकटाच पुढे बसला होता, दवाखान्याचे कागद पिशवीत घेऊन. तो एकट्यानं भांडायच्या तयारीनं आला होता.

आधी मोतीलाल आणि मी आलो. त्याच्या दोन्ही हातांत डबे, माझ्या डोक्यावर एक. मग बायका. मग पुरुष, माना खाली घालून. आबांचे ड्रम बैलगाडीतून आले. पटांगणात डब्यांची रांग लागली तेव्हा एकेचाळीस डबे आणि दोन ड्रम होते. डिझेलचा वास सगळीकडे पसरला. नईम उभा राहिला. त्यानं रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग डबे आणणाऱ्यांचे चेहरे पाहिले. त्या चौदा ट्रॅक्टरवाल्यांचे चेहरे. 

भूषणसाहेब मात्र खूश झाले. "मॅडम, बघा. हा चोरीचाच माल. गावानं स्वतःहून आणून दिला."

मॅडमनी डब्यांकडे पाहिलं. "हे पाइपातून काढलेलं आहे की विहिरीतून, कसं कळायचं?"

 मला वाटलं, संपलं. तेवढ्यात नईम खाली बसला, प्रदूषण मंडळाच्या पेटीतली एक काचेची बाटली मागून घेतली, पहिला डबा तळापर्यंत हलवला आणि बाटलीत ओतला. बाटली टेबलावर ठेवली. थोड्या वेळानं तळाशी बोटभर पाणी वेगळं झालं, वर डिझेल.

"पाइप फोडीसन लिधेल डिझेल कोरडं ऱ्हास," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट. "हाई विहीरनं शे. पुढला डबा द्या."

त्यानं एक एक करून एकेचाळीस डबे तपासले. ज्यांनी त्याला पंधरा दिवस बनवलं होतं, त्यांचेच डबे त्यांच्याच हातून घेऊन. प्रत्येकात पाणी निघालं. प्रत्येक डब्यापाशी मॅडम तारीख विचारत होत्या आणि माणूस सांगत होता. मोतीलाल: चोवीस मार्च. सव्वीस. एकोणतीस. दोन एप्रिल. आबा म्हणाले, "एकतीस मार्च. दोनी ड्रम मनाच." कारकून लिहीत होता. भूषणसाहेबांनी फोन काढला, बाजूला गेले, परत आले. चोवीस मार्चपासून बारा एप्रिलपर्यंत पाइपातून तेल गळत होतं आणि कंपनीच्या यंत्रांना एकोणीस दिवस त्याचा पत्ता नव्हता, किंवा पत्ता असून पंप चालू ठेवले होते. दोन्हींतलं काहीतरी एक त्यांना कबूल करावं लागणार होतं.

पण त्यांच्याकडे अजून एक वाट शिल्लक होती. "ठीक आहे, विहिरीत होतं म्हणू," ते म्हणाले. "तरी त्या मुलीनं विहिरीचंच पाणी घेतलं कशावरून? नळात तेल आल्याचं कुणी पाहिलंय? सगळे तर म्हणतात, पाणी तळाचं येत होतं, स्वच्छ होतं."

आता माझी पाळी होती. मी उठले.

"मी पाहिलं," मी म्हटलं. "मी अंगणवाडी सेविका. आठ एप्रिलला सकाळी साडेनऊला नळाच्या पाण्याला डिझेलचा वास होता. मी एक पातेलं ओतलं, दुसरं भरलं, त्यालाही होता. विहिरीत डिझेल आहे हे मला पंधरा दिवसांपासून माहीत होतं. तरी मी त्या पाण्यात खिचडी केली. वास लक्षात येऊ नये म्हणून लसूण जास्त घातला. तहरीमनं दोनदा खाल्ली आणि त्याच नळाचं पाणी प्यायली. मी वाढलं."

नाजमीन मंडपाच्या कडेला उभी होती. तिनं तोंडावर ओढणी घेतली आणि ती निघून गेली. तिच्यामागे जावंसं वाटलं, गेले नाही. मॅडमनी लेखणी खाली ठेवली. 

मग त्यांनी नईमला विचारलं, "तुमची तक्रार कंपनीविरुद्ध आहे. बाई आत्ता जे बोलल्या, त्यावरून त्यांच्याविरुद्धही आहे का?"

नईमनं माझ्याकडे पाहिलं नाही. हाताला लागलेलं डिझेल तो फडक्यानं पुसत होता, एक एक बोट.

"शे," तो म्हणाला. "लिखा."

गावातून कुजबुज उठली. आबा म्हणाले, "नईम, अरे अक्कानी तं स्वतःहून..." मी आबांना हातानं गप्प केलं. त्याचा हक्क होता. तो नसता म्हणाला तर मला जास्त लागलं असतं.

भूषणसाहेब लगेच पुढे आले. "बरोबर. मॅडम, मग हे स्वतंत्र प्रकरण. बाईंचा निष्काळजीपणा, मुलांच्या आहाराचा विषय. वेगळ्या कागदावर घ्या, त्यांच्या खात्याकडे पाठवा. आमच्या पंचनाम्यात त्याचं काम नाही."

माणूस हुशार, हे मान्य करायला हवं. वेगळ्या कागदावर मी एक हलगर्जी सेविका, नोकरीतून काढून टाकलेली. आणि त्यांच्या कागदावर तहरीमचं नावच नाही.

"मॅडम, एकाच कागदावर लिहा," मी म्हटलं. "आठ तारखेला नळात डिझेल नव्हतं, तर माझा काहीच गुन्हा नाही, मी चांगली खिचडी केली. आणि माझा गुन्हा असेल, तर डिझेल होतं. साहेबांनी ठरवावं. मला सोडायचं, की स्वतः अडकायचं."

भूषणसाहेबांनी पुन्हा फोन काढला.

तेव्हा नईमनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. पण मी काय केलं ते त्याला नीट समजलं होतं, हे मला दिसलं. तो टेबलापाशी गेला आणि कारकुनाच्या समोरच्या कागदावर बोट ठेवून उभा राहिला.

"एकच कागद," तो म्हणाला. "पह्यले कंपनी. तिनाखाले अक्का."

कारकुनानं कंपनीचं नाव लिहिलं. मग माझं विचारलं. नईमनं ते पूर्ण सांगितलं, माझ्या नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, अंगणवाडीच्या क्रमांकासकट. कारकुनाचं एक अक्षर चुकलं, ते त्यानं खोडून पुन्हा लिहायला लावलं. मग पेन माझ्यापुढे धरलं आणि मी सही केली.